ट्यूबवालं की वडीवालं? मोडक्या डायकास्ट गाडीसाठी दोन एपॉक्सी

जळगावात हार्डवेअरच्या दुकानात मी "एपॉक्सी द्या" म्हणालो. दुकानदाराने विचारलं, "ट्यूबवालं की वडीवालं?" मी "कोणतंही द्या" म्हणालो आणि तिथंच फसलो.

भाच्याने "मामा, गाडी तुटी गयी" म्हणत 1:64 ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी, लाल डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेली) खेळण्यातली जीप हातात ठेवली होती. बंपर तुटून वेगळा झालेला, पण तुकडा शाबूत. काचेशेजारचा एक खांब मात्र गायब. मी ट्यूबवालं आणलं. बंपर झकास बसला. खांबाच्या जागी लावलेलं ओघळून काचेवर उतरलं आणि तिथंच वाळलं.

दोन्हींत रेझिन आणि हार्डनर, म्हणजे एकत्र मिसळले की घट्ट होणारे दोन भाग, असतात, म्हणून गोंधळ होतो. ट्यूबवालं, म्हणजे अ‍ॅराल्डाइटसारखं, पातळ असतं. दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडत असतील तर त्याचा पातळ थर घट्ट धरतो. मधली मोठी फट भरणं त्याचं काम नव्हे. वडीवाल्यात, म्हणजे एम-सीलसारख्या पुट्टीत, भरपूर भुकटी मिसळलेली असते, त्यामुळे ती ठेवाल तिथं, द्याल त्या आकारात बसते. हरवलेला तुकडा तिनेच घडवायचा. पण गुळगुळीत धातूवर तिची पकड बेताचीच.

म्हणून खांबासाठी आधी तुटक्या टोकांचा रंग खरवडला. बारीक ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडून तांब्याच्या तारेचा तुकडा अडकवला. मग दोन्ही वड्यांचे हरभऱ्याएवढे समान गोळे घेऊन भाकरीच्या पिठासारखे मळले. दोन वड्यांच्या वेगवेगळ्या रंगांची एकही रेघ उरता कामा नये. उरली तर तिथली पुट्टी मऊच राहते. हातमोजे घाला, नाहीतर दिवसभर बोटं चिकटतात. तारेवर लेप दिला, ओल्या बोटाने गुळगुळीत केला आणि दुसऱ्या दिवशी 400 च्या, मग 800 च्या पॉलिश पेपरने घासला. प्राइमर, वर रंग. मूळ खांबापेक्षा तो किंचित जाड झालाय. भाच्याला दिसत नाही, मला दिसतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकला की, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी दोन्ही घट्ट होतात. पहाटेच बसा आणि लागेल तेवढंच मिसळा. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने आणखी लवकर आवळतो.

वितळवून जोडायचा विचार मात्र सोडा. या गाड्या बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात साधारण 4 टक्के अ‍ॅल्युमिनियम. तो 400 अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे वेल्डिंगला गेलात तर जोडाआधी गाडीच वितळायची.

आणि एखाद्या फार जुन्या गाडीला न पडता-आपटता भेगांचं जाळं पडलं, अंग फुगलं, तर ट्यूबही नको नि वडीही नको. ओतकामात शिसं मिसळलं गेलं की जस्त आतूनच फुटत जातं. लेप दिलात तर शेजारी नवी भेग पडेल. तिला कोरड्या जागी ठेवा, हाताळू नका.