वारशाने दुनळी रायफल आली असेल, तर आधी हे वाचा

आजोबांच्या कपाटातून एक जड पेटी निघते. आतून लाल बनातीने मढवलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कारखान्याची चिठ्ठी, नाहीतर कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची. (हीच ती रॉडा, जिच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं बंगालच्या क्रांतिकारकांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये पळवली.) पेटीत नळ्यांची जोडी, कुंदा (खांद्याला लावायचा लाकडी दस्ता), साफसफाईची कांडी आणि तळाशी चारपाच काळवंडलेली, बोटभर लांब काडतुसं.

मग आम्हाला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्यांना, फोन येतो. "काडतुसं फार जुनी आहेत आणि नवी मिळत नाहीत. व्हिडिओत तर लोक घरच्या घरी भरतात. तुम्ही भरून द्याल का?"

नाही. भारतात काडतूस तयार करायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ खालचा वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा तुमचा परवाना त्याला चालत नाही, आणि आमच्या दुरुस्तीच्या कामातही ते बसत नाही. पण समजा कायद्याची अडचण नसती, तरी अशा रायफलीसाठी काडतूस भरणं म्हणजे रिकाम्या कवचात मापाने दारू ओतणं एवढंच नव्हे. ते का, हे कळलं की तुमच्या पेटीतल्या वस्तूशी कसं वागायचं हेही आपोआप कळेल.

दोन नळ्या, एक निशाण

लांबून पाहिलं तर दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर वाटतात. तशा त्या नसतात, तोंडाकडे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. उजवी नळी झाडली की गोळी तोंडातून बाहेर पडायच्या आतच धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे ढकलली जाते. डावी झाडली की वर आणि डावीकडे. हे ढकललं जाणं हिशेबात धरूनच कारागिराने नळ्या आत वळवलेल्या असतात, म्हणजे ठरावीक अंतरावर, बहुधा ५० ते १०० यार्डांच्या दरम्यान, दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी बसतात.

हे कागदावरच्या गणिताने जमत नाही. नळ्या डाखाने जोडलेल्या असतात आणि तोंडापाशी दोघींच्या मध्ये एक पाचर असते. कारागीर दोन बार काढायचा, निशाणाचा कागद बघायचा, डाख तापवून पाचर केसभर सरकवायचा, आणि पुन्हा दोन बार. मनासारखं होईपर्यंत हेच. या रायफली इतक्या महाग का होत्या, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता मुद्द्याचं. ही सगळी जुळणी एकाच काडतुसावर केलेली असते: त्याच वजनाची गोळी, तोच वेग. काडतूस सौम्य असेल तर गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, तेवढ्यात रायफल जास्त फिरते आणि गोळ्या फाकतात, उजवीची उजवीकडे, डावीची डावीकडे. काडतूस तेज असेल तर रायफल पुरती फिरायच्या आत गोळी सुटते आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे, डावीची उजवीकडे अशी फुली पडते. म्हणून कागदावर गोळ्या लांब लांब बसल्या की माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) घासायला किंवा नळ्यांना हात लावायला जाऊ नका. बहुतेक वेळा रायफल बरोबर असते आणि काडतूस परकं असतं. रायफलीला साजेसं काडतूस शोधायचं असतं. काडतुसासाठी रायफल बदलायची नसते.

पोटावरचे ठसे

नळ्या कुंद्यापासून सोडवल्या की खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. जुन्या इंग्लिश रायफलीवर तिथे बहुधा असं काहीतरी असतं: 'कॉर्डाइट ७५–५००'. म्हणजे ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी. .४७० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाचं हे नेहमीचं माप. ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम शिसं, आणि वेग सेकंदाला २१५० फूट.

हा ७५ चा आकडा फक्त कॉर्डाइटचा आहे. कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि व्हॅसलिन यांच्या मिश्रणाच्या शेवयांसारख्या लांब काड्या. ती दारू आज बाजारात नाही. आजच्या दाणेदार दारवांचं जळणं अगदी निराळं असतं, त्यामुळे तोच आकडा त्यांना लावणं म्हणजे हात आणि डोळा दोन्ही पणाला लावणं.

काही रायफलींवर नायट्रोचा, म्हणजे कॉर्डाइटसारख्या बिनधुराच्या जोरकस दारूचा, उल्लेखच नसतो. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. .५०० चं तीन इंची कवच काळ्या दारूचंही होतं आणि नायट्रोचंही, आणि दोन्ही काडतुसं दिसायला जुळी. काळ्या दारूसाठी केलेल्या नळीत नायट्रोचं काडतूस गेलं तर पुढे काय होईल ते लिहायची गरज नाही. ठसे वाचता येत नसतील तर फोटो काढा, रायफल झाडू नका.

कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या, म्हणजे बोअरच्या) नावावरही जाऊ नका. .४५० ची गोळी असते ०.४५८ इंचाची, .४०४ जेफरीची ०.४२३ ची. नाव एक आणि माप दुसरंच, असा हा सगळा कारभार आहे. आम्ही नळीतून मऊ शिशाचा गोळा ढकलून काढतो आणि त्यावर उमटलेलं माप घेतो. जुनी नळी प्रत्यक्षात किती आहे, हे फक्त तोच गोळा सांगतो.

ही .४७०, .४६५ अशी मापं आली कुठून? १८९८ मध्ये रिग्बी या लंडनच्या बंदूक कारखान्याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढली आणि हत्ती-गव्याच्या शिकारीची तीच प्रमाण रायफल ठरली. पण सैन्याच्या जुन्या मार्टिनी रायफली त्याच मापाच्या होत्या. काडतुसातल्या गोळ्या काढून त्या बंडखोरांच्या हाती लागतील या धास्तीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअर आणायला बंदी घातली. कारागिरांनी लगेच थोडी मोठी मापं काढली. तुमच्या पेटीत .४७० असेल, तर तिचा जन्म त्या धास्तीतला आहे.

परदेशात लोक कसं जमवतात

अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत हाताने काडतूस भरणं कायदेशीर छंद आहे. तिथे राहणारे आपले काही ग्राहक विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. मापं मात्र इथे देणार नाही. ती दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तकातूनच घ्यावीत.

तिथे लोक आधी ठशातल्या वजनाची गोळी घेतात आणि वेगमापक समोर ठेवून, पुस्तकातल्या खालच्या मापापासून हळूहळू मूळ वेगाकडे जातात. एकाच नळीचा पाच गोळ्यांचा झुबका बघण्यात अर्थ नसतो. उजवी, डावी, मग नळ्या गार होऊ देणं, पुन्हा उजवी, डावी, असं बघायचं असतं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची नाही, मध्ये आपला तळहात ठेवायचा. पिशवीवर टेकवली की रायफल वेगळ्या तऱ्हेने उसळते आणि सगळं निदान चुकतं. ही एक चूक अनुभवी माणसंही करतात.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड किंवा .४१६ रिग्बीसारख्या खटक्याच्या (बोल्ट मागेपुढे करून भरायच्या) एकनळी रायफलीत जुळणीचा प्रश्न नाही, तिथे चिंता मॅगझिनची. धक्क्याने आत पडून असलेल्या काडतुसांच्या गोळ्या कवचात मागे दाबल्या जातात, म्हणून कवचाचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबलेलं हवं. आफ्रिकेत रेडा समोर असताना दुसरं काडतूस नळीत गेलं पाहिजे, गोळी अर्धा इंच इकडे की तिकडे हा प्रश्न नंतरचा.

पूर्ण पितळी किंवा तांब्याच्या अखंड गोळ्या शंभर वर्षांच्या पातळ नळ्यांतून झाडू नयेत, असं आमचं मत. सगळे कारागीर याच्याशी सहमत नाहीत.

आम्ही काय करतो, काय करत नाही

नळ्या पुन्हा जुळवत नाही. चाप हलका करून देत नाही. बरेच जण ही मागणी करतात, पण मोठ्या बोअरच्या दुनळीत चाप हलका झाला की पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा आपोआप उडू शकतो. पाच किलोच्या रायफलीतून दोन बार एकदम उडाले की खांद्याचं काय होतं ते एकदा पाहिलं आहे.

नळ्या काळ्या करून हव्या असतील तर मुद्दाम गंज चढवून काळं करायच्या जुन्या पद्धतीनेच करतो, वेळ लागतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी दुसरीकडून उकळत्या क्षाराच्या पद्धतीने काळ्या करून आणलेल्या नळ्या दाखवल्या. दिसायला सुंदर. पण त्या क्षाराने मधला डाख खाल्ला होता, आणि बोटाने टिचकी मारली की नळ्या फुटक्या मडक्यासारख्या वाजत होत्या. डाख शाबूत असलेली नळी घंटेसारखी वाजते. हे तुम्हीही घरी तपासू शकता, अर्थात नळ्या रिकाम्या आहेत हे आधी डोळ्यांनी पाहून.

जुनी काडतुसं झाडू नका. त्यांच्या टोपीतल्या (बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या भागातल्या) क्षाराने नळी गंजते, आणि दारू खराब झाली असेल तर बार उशिरा उडतो. पूर्वी कुणी ती झाडली असतील तर नुसत्या तेलाने भागत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. आधी कडक गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. कोकणातल्या ग्राहकांनी पावसाळ्याआधी आणि नंतर नळीत डोकावून पाहावं.

उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं की तेल ओघळून कुंद्याच्या मानेत मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि पहिल्याच धक्क्याला तिथे चीर जाते. आमच्याकडे येणाऱ्या दुनळ्यांत हे दुखणं सर्रास दिसतं.

आणताना

मूळ परवाना सोबत हवा, झेरॉक्स चालणार नाही. परवाना अजून आजोबांच्याच नावावर असेल तर रायफल आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाचा अर्ज द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, तेव्हा तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर कोणती ठेवायची हेही ठरवून या. शिकारीबद्दल विचारू नका; १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर तो विषय संपला.

रायफल नळ्या सोडवून पेटीत घालून आणा. काडतुसं आणू नका. त्यांचं काय करायचं ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा.