ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा

"आमच्या बोर्डला हे कार्ड चालेल का?" असं आम्हाला काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकांना धास्ती बोर्डावरच्या (म्हणजे मदरबोर्डावरच्या) स्लॉटची, कार्ड जिथे बसतं त्या खाचेची असते, पण तिथे गाडी क्वचितच अडते. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या डेस्कटॉप बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट असतो. त्याच्या ४.० आवृत्तीचं कार्ड ३.० आवृत्तीच्या बोर्डवर बसतं आणि चालतं, फक्त बोर्डाच्या वेगाने. लांब स्लॉट दोन असतील तर प्रोसेसरजवळचा वापरा. खालच्याला बऱ्याचदा चारच लेन (डेटा जाण्यायेण्याच्या वाटा) जोडलेल्या असतात. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मुळातच चार लेनचं आहे. ३.० च्या बोर्डवर त्याचा वेग चांगलाच घसरतो, म्हणून जुन्या बोर्डवाल्यांना ते आम्ही देत नाही.

खरी अडचण एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं तेवढ्यावर चालतात. आरटीएक्स ३०६० ला मात्र १७० वॅट लागतात, म्हणजे एसएमपीएसमधून वेगळी वायर हवीच. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच हाती येतात, आणि त्यातच प्रोसेसरही चालवायचा असतो. स्वस्त एसएमपीएसचं खरं रूप या एका रकान्यात दिसतं.

मध्यंतरी टॉवेलची जेकार्ड डिझाइनं करणारे एक ग्राहक ऑनलाइन घेतलेलं कार्ड घेऊन आले. पीसी ऑफिसातला जुना ब्रँडेड, एसएमपीएस कंपनीच्या वेगळ्याच मापाचा, त्यात कार्डाची आठ पिनांची वायर नव्हती. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते. ती त्यांनी कार्डात दाबून बघितली होती आणि सॉकेटची कड चेपली होती. या दोन वायरींची जोडणी वेगळी असते. पिन सहज बसली नाही तर जोर लावू नका, कार्डच जळू शकतं.

कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि कार्डाच्या लांबीशी मिलिमीटरमध्ये ताडून बघा. स्लिम कॅबिनेटला कमी उंचीचंच कार्ड लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे समोरून हवा आत यायला वाट हवी. यंत्रमागाजवळच्या पीसीत तर कापसाचे तंतू पंख्यावर नमद्यासारखे बसतात. तिथे दर महिन्याला ब्लोअर मारा.

बायोसकडेही बघा, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामकडे. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बोर्डाचं मॉडेल तिथेच मिळतं. बायोस मोडसमोर लेगसी (जुनी पद्धत) असेल तर आधी आम्हाला विचारा, कारण काही जुन्या बोर्डांवर नवं कार्ड लावलं की डिस्प्लेच येत नाही. इंटेल आर्क कार्ड घ्यायचं असेल तर बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) असणं गरजेचं आहे, नाहीतर घातलेल्या पैशाइतका वेग मिळत नाही.

मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर तेही सांगा. नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं, कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. "कार्ड चालत नाही" म्हणून आलेल्या कितीतरी पीसींत एवढंच निघतं.

दुकानात येताना पूर्ण बोर्डाचा एक फोटो, एसएमपीएसच्या स्टिकरचा एक फोटो आणि टेपने घेतलेलं माप घेऊन या. हे जमत नसेल तर सरळ कॅबिनेटच उचलून आणा. तपासायचे पैसे आम्ही घेत नाही, आणि कार्ड चालणार नसेल तर ते विकतही नाही.