पार्श्वभूमी : बर्फावरचा दमसास आणि स्केटिंगचा वाद

ठाणे आणि नवी मुंबईतील लांब पल्ल्याचे धावपटू व सायकलपटू नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वाधिक सराव करतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नॉर्वे, स्वीडन किंवा अलास्कातील रस्ते बर्फाखाली गेलेले असतात. आपल्याकडे सरावात खंड पडतो तो पावसाळ्यात. तिकडे हिवाळ्यात तो पडू नये म्हणून आधी क्रॉस-कंट्री स्कीइंगचा (सपाटी व चढ-उतारांवर स्वतःच्या जोरावर स्कीने लांब पल्ला कापण्याचा) आणि अलीकडे जाड टायरच्या सायकलींचा आधार घेतला गेला. वर्षभर ठाण्याजवळच्या येऊरचा चढ चढून जानेवारीत गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो क्लासिक (खोबणींत सरळ जाण्याची जुनी पद्धत) शिकावे की स्केटिंग (पाय तिरके रेटत जाण्याची नवी पद्धत), हा.

उत्तर युरोपात स्कीचा वापर हजारो वर्षांचा आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरची वासालोपेट शर्यत १९२२ पासून होते, तर १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ होता. त्यानंतरची अनेक दशके शर्यतीचे तंत्र मुख्यतः एकच राहिले. दोन समांतर खोबणींत स्की ठेवून चालल्याप्रमाणे आलटून पालटून हात-पाय टाकायचे, आणि चढावर स्की मागे घसरू नये म्हणून पावलाखालच्या भागाला पकड देणारे वॅक्स (मेण) लावायचे.

सत्तरच्या दशकात लांब पल्ल्याच्या काही स्पर्धकांनी एक स्की खोबणीत ठेवून दुसरी तिरकी बाहेर रेटण्यास सुरुवात केली. वेग वाढला, पकडीचे वॅक्स अनावश्यक ठरले आणि त्यामुळे घर्षणही घटले. पुढे दोन्ही पाय तिरके टाकण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या शैलीच्या समर्थकांना यात खेळाचाच अंत दिसला आणि काही शर्यतींत ठरावीक टप्प्यांवर स्केटिंगला बंदीही घालण्यात आली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, शर्यत वेगाची असेल तर वेगवान पद्धत रोखण्याला अर्थ नाही. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील झेफेल्ड येथील जागतिक स्पर्धेत स्केटिंगचेच वर्चस्व राहिले आणि १९८५-८६ च्या हंगामापासून शर्यतींची क्लासिक व फ्रीस्टाइल (स्केटिंगसह कोणतीही पद्धत चालणारी) अशी विभागणी करण्यात आली. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्येही ती दिसली. अलीकडे क्लासिक शर्यतीत केवळ हातांनी काठ्या रेटून पुढे जाण्याचे प्रमाण वाढल्यामुळे काठीची लांबी स्पर्धकाच्या उंचीच्या ८३ टक्क्यांपर्यंत मर्यादित करावी लागली, म्हणजे वाद पुरता मिटलेला नाही.

विभागणीच्या निर्णयावर तडजोडीचा शिक्का बसला असला, तरी सरावाच्या दृष्टीने तो अत्यंत हिताचा ठरला, असे मानावे लागते. दमसासाचा पाया संथ, दीर्घ श्रमांवर उभा राहतो. क्लासिकमध्ये नवखा माणूसही चढावर पावले आखूड करून हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवू शकतो. स्केटिंगमध्ये मात्र चढ आला की, कितीही सावकाश गेले तरी धाप लागतेच. समुद्रसपाटीवरच्या ठाण्यातून थेट सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गला पोहोचलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. क्लासिक स्वतंत्र प्रकार म्हणून टिकला नसता, तर त्याच्या खोबणी आखण्याचे कारणही बहुतेक ठिकाणी उरले नसते.

स्केटिंगसाठी मात्र यंत्राने दाबलेली रुंद पट्टी लागते, आणि पुढे फॅट बाईकला, म्हणजे जाड टायरच्या सायकलीला, याच पट्टीचा उपयोग झाला. या सायकलीचे एक मूळ अलास्कात आहे. तेथे १९८७ मध्ये हिवाळी सायकल शर्यत सुरू झाली, आणि साधी चाके बर्फात रुतत असल्याने काहींनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या. २००५ मध्ये ३.७ इंची टायरसाठी बनवलेली सायकलची फ्रेम बाजारात आली.

टायर जमिनीवर जितका पसरतो, तितके वजन विभागले जाते, आणि हे पसरणे हवेच्या दाबावर अवलंबून असते. येऊरच्या डांबरी रस्त्यावर २० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाने सुरळीत चालणारा टायर बर्फावर १० च्या खाली आणावा लागतो, इतका की अंगठ्याने दाबल्यास तो सहज आत जातो. परदेशातील अनेक स्की केंद्रांत सायकलींना क्लासिकच्या खोबणींवर मनाई असते आणि दाबलेल्या पट्टीवरही किमान टायर-रुंदीची अट असते. चाकामागे खोल चर पडू लागली, तर हवा आणखी सोडावी, आणि तरीही पडत असेल, तर बर्फ पुन्हा घट्ट होईपर्यंत त्या वाटेवर सायकल आणू नये, असा तेथील प्रघात आहे.