दुकान उघडे, माणसाला सुट्टी: ड्यूटीच्या तक्त्यामागचा इतिहास

महाराष्ट्रातल्या लहान दुकानाला ड्यूटीचा तक्ता लागू लागला, ही तशी अलीकडची गोष्ट. कित्येक वर्षे ते काम दारावरची ‘सोमवार बंद’ ही पाटीच करत होती. दुकान बंद त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, उघडे त्या दिवशी सगळे हजर. दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी यांची फारकत झाल्यावर कोणी कधी यायचे हे कागदावर मांडणे भाग पडले.

सुरुवात अर्थातच गिरण्यांची. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचा ठरलेला सुट्टीचा वार नव्हता. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः बालकामगारांच्या तासांपुरता होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अशा त्यातल्या मागण्या. पगाराची सोडली तर बाकीच्या तिन्ही आजच्या तक्त्यात कोणत्या ना कोणत्या रूपात सापडतात. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

सूर्यास्ताची मर्यादा मात्र टिकली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मग तासांवर बंधन आले: १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना ५४ आणि १९४६ मध्ये ४८. आज जो आकडा सगळे डोळे मिटून लिहितात, तो इतक्या पायऱ्या उतरून आला आहे.

दुकानातला गुमास्ता या सगळ्याच्या बाहेर होता. त्याच्यासाठी मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापना कायदा केला. देशातला हा पहिला. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली आणि परवान्याला ‘गुमास्ता’ हेच नाव चिकटले. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान एक तास विश्रांती, रात्री साडेआठला दुकान बंद. कामावर आल्यापासून घरी जाईपर्यंतचा विस्तार दुकानात ११ तासांपेक्षा जास्त नको. बंदचा वार वर्षाच्या सुरुवातीला ठरवून निरीक्षकाला कळवायचा, पाटी लावायची आणि तीन महिन्यांत एकदाच बदलायचा. सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ८ हे वेळापत्रक मांडून पाहा: काम ८ तास, विस्तार बरोबर ११. दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची कितीही चेष्टा होवो, हिशेब चोख बसतो.

वार मात्र सगळीकडे एक नव्हता. दादरच्या बाजाराचा सोमवार, मालेगावच्या यंत्रमागांचा शुक्रवार. औद्योगिक वसाहतींत विजेचा भार वाटून देण्यासाठी वेगवेगळे वार ठरले. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागात गुरुवार पडला. तिथे स्पेअर पार्टच्या दुकानाला गुरुवारी कमी माणसे पुरतात आणि किराणा दुकानाला उलट त्याच दिवशी जास्त लागतात. तक्ता भरण्याआधी परिसराचा वार पाहावा, तो यासाठी.

२०१७ च्या नव्या कायद्याने, १९ डिसेंबरपासून, पाटीचे राज्य संपवले. दुकान ३६५ दिवस उघडे ठेवता येते. अट एवढीच की प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग किमान २४ तास सुट्टी हवी. विस्तार साडेदहा तासांवर आला, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर. हा कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. त्याखालच्यांनी व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची, पण तासांची कलमे त्यांना नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर आणि दिवसाचे तास ९ वरून १० वर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा तक्ता करण्यापूर्वी लागू मजकूर पाहावा. सूट मिळाली म्हणून लहान दुकानाने आठवड्याचे ४८ तास सोडावेत असे आम्हाला वाटत नाही. किमान वेतनाच्या हिशेबातून त्याची सुटका नाही, आणि चांगला माणूस शेजारच्या दुकानातले तास मोजूनच टिकतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. दुकान सकाळी ९ ते रात्री १०, सातही दिवस. कायम दोघे, संध्याकाळी ५ ते ९ तिसरा. १३ तास × ७ × २ म्हणजे १८२, अधिक २८, एकूण २१० माणूस-तास. ४८ ने भागले तर ४.४, म्हणजे पाच माणसे पुरतील असे वाटते. पण सणाच्या ८ सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि २० दिवसांमागे एक या दराने मिळणाऱ्या साधारण १४ हक्काच्या रजा वजा केल्या, तर आठवड्याचे ४८ सरासरी ४३.४ होतात. २१० भागिले ४३.४ म्हणजे ४.८, पाचजण कसेबसे पुरतात. त्यात शटर उघडण्याआधीचा अर्धा तास आणि गल्ला जुळवण्याचा अर्धा तास, दोघांचे आठवड्याचे १४ तास, धरले की आकडा ५.२ होतो आणि सहावा माणूस लागतो. बहुतेक तक्ते इथेच फसतात: हा तास कागदावर नसतो, पण रोज कोणीतरी तो फुकट भरत असतो.

दुसरी चूक ९ आणि ४८ या जोडीची. रोज ९ तास लावून सहा दिवस भरले की ५४ होतात. सहा दिवस ८ तास, किंवा पाच दिवस ९ आणि सहाव्या दिवशी ३, असेच ते बसते. दुपारची मोठी सुट्टी देऊन सकाळ-संध्याकाळ एकाच माणसाला बोलावणे हा जुना रिवाजही तपासावा: ९ ते १ आणि ५ ते ९ चा विस्तार १२ तास होतो. त्यापेक्षा दोन सलग पाळ्या बऱ्या.

फिरती सुट्टी देताना तिसरी चूक होते, आणि ती दिसत नाही. या आठवड्यात सोमवारी आणि पुढच्या आठवड्यात रविवारी सुट्टी दिली, तर दोन्ही आठवड्यांत एकेक सुट्टी आहेच, पण मधले सलग बारा दिवस माणूस कामावर. सुट्टी फिरवायचीच असेल तर दर आठवड्याला एक वार अलीकडे सरकवावी. मध्ये पाचच दिवस काम पडते. सोमवारवरून पुन्हा त्याच आठवड्याच्या रविवारवर येताना एक सुट्टी जास्तीची जाते, तिला दचकू नये.

खाडे कसे भरायचे याचे उत्तरही गिरणीतच आहे. गैरहजर माणसाच्या जागी बदली लावणे पूर्वी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर होते आणि त्यात लाच चाले. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत नोंदलेल्या बदली कामगारांना कार्ड देऊन रोज सकाळी हजेरीला बोलावण्याची पद्धत आणली. लहान दुकानात कार्डाची गरज नाही, पण तक्त्यात ‘बदली’चा रकाना ठेवावा: सुट्टीवर नसलेल्यांपैकी या आठवड्यात आधी कोणाला फोन करायचा, त्याचे नाव, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे. तो रकाना रिकामा ठेवला की प्रत्येक वेळी जवळ राहणाराच बोलावला जातो, आणि महिन्याच्या शेवटी मस्टरमध्ये त्याचेच तास सगळ्यांत जास्त निघतात.