धसका घेतलेलं शरीर आणि शवासन

योगवर्ग संपत आला की दिवे मंद होतात. शिक्षक म्हणतात, "डोळे मिटा, अंग सैल सोडा." बहुतेकांना ही पाच मिनिटं सगळ्यात आवडती. पण अपघातातून वाचलेल्या किंवा घरात वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईला नेमकं इथेच धडधडायला लागतं, घाम फुटतो. आपण म्हणतो ना, 'तिनं धसका घेतलाय'. तो धसका शरीरातही बसलेला असतो.

मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो. मोठ्या आघातानंतर तो दार आपटलं तरी चाळवतो: नाडी वाढते, स्नायू ताठ होतात. उताणं पडलेलं अंग, मिटलेले डोळे आणि उशाशी कुणाची तरी पावलं, हे अशा मेंदूला विसावा वाटत नाही, सापळा वाटतो.

योग मोजून पाहण्याची सवय खानदेशाला परकी नाही. अमळनेरात शिकवलेल्या स्वामी कुवलयानंदांनीच 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था उभारली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून प्रयोगांचे निष्कर्ष छापले. पुढे 2014 साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी आधीच्या उपचारांनी बऱ्या न झालेल्या 64 स्त्रियांवर प्रयोग केला. आठवड्यातून एक तास, 10 आठवडे. योग करणाऱ्या 31 जणींपैकी 16 जणी आघातोत्तर तणावविकाराच्या (पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या धसक्याच्या आजाराच्या) निकषांतून बाहेर आल्या. तुलनेसाठी फक्त आरोग्यशिक्षण दिलेल्या गटात 29 पैकी 6. प्रयोग लहान होता, म्हणून योगाला उपचाराची जोड मानावं, पर्याय नव्हे. शिवाय तो योग नेहमीच्या शिस्तीचा नव्हता. त्यात हुकूम नव्हते, निवड होती.

म्हणून सुरुवात खुर्चीवर करा. तळपाय जमिनीला टेकलेले, डोळे उघडे, चटई दाराजवळ. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नस हृदयाची गती कमी करते, म्हणून सोडणं लांबवायचं. गुदमरल्यासारखं झालं तर तीन मोजत आत, चार मोजत बाहेर, एवढ्यावर या. दोन-तीन मिनिटं पुरेत. कुंभक (श्वास रोखून धरणं) नको, भस्त्रिका तर मुळीच नको: जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, हातांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि शरीराला तो भीतीचा झटकाच वाटतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तर उष्म्यानं आणि पाणी कमी पडल्यानंही नाडी वाढते. वर्ग पहाटेच घ्यावा, आधी पाणी प्यावं.

शिक्षकांनी न विचारता पाठीला हात लावू नये. "हात वर घ्या" ऐवजी "वाटलं तर घ्या" एवढा बदलही मोलाचा. आठवण उसळली तर डोळे उघडायचे, पाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. दुःस्वप्नं आणि दचकणं महिन्याहून अधिक टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.