भातातलं आणि शेतजमिनीतलं आर्सेनिक

आर्सेनिक हे मूलद्रव्य खडकात, मातीत, पाण्यात थोडंफार सगळीकडेच असतं. सोमल म्हणजे त्याचंच पांढरं विषारी ऑक्साइड, हरताळ नि मनशीळ ही त्याची गंधकाबरोबरची खनिजं. नियमाला हरताळ फासतात तो हाच, पोथीत चुकलेलं अक्षर त्यानंच झाकायचे.

आर्सेनिकाचा प्रश्न गाजला तो बंगालात, 1980 नंतर, कूपनलिकांच्या पाण्यामुळं. आर्सेनिक पाण्यात आलं कुठून यावर बराच वाद झाला. आधीचं मत असं की उपसा वाढला, पाणी खोल गेलं, हवा आत शिरली आणि गाळातल्या पायराइटमधून (हे लोखंड-गंधकाचं खनिज) आर्सेनिक सुटलं. 1998 च्या सुमारास बरोबर उलटं मत पुढं आलं, म्हणजे हवा शिरल्यानं नाही तर संपल्यानं: हिमालयाकडनं आलेल्या गाळात लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं, ऑक्सिजन संपला की जिवाणू तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक मोकळं होतं. आता बहुतेक जण हेच धरतात, आणि भातात ते गव्हापेक्षा जास्त का, हे खाचरातलं कोडंही यानंच सुटतं.

चिखलणी करून पाणी तुंबवलं की तिथंही हेच घडतं. सुटलेलं आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकाचं तिथलं रूप, रोपाला सिलिकासारखं वाटतं आणि भात तर सिलिकाचा खादाड, त्यामुळं त्याच वाटेनं ते मुळात शिरतं. म्हणून गव्हापेक्षा भातात जास्त. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, ती टाकली तर कमी होतं. पाणी तोडून मधूनमधून वापसा आणला तरी कमी होतं, पण मग कॅडमियम हा दुसरा विषारी धातू वाढू शकतो, राधानगरी-गगनबावड्याकडच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत हे विसरून चालत नाही.

कोल्हापूरचा खडक बेसाल्ट, त्यात आर्सेनिक मुळात कमी, हिमालयाचा गाळ इथं नाही, त्यामुळं बंगालची गोष्ट जशीच्या तशी पंचगंगेकाठी चिकटवू नये. तुंबलेल्या पाण्याचं रसायन मात्र तेच. रोपलागणीत ते पहिल्यापासून, धूळवाफेच्या, म्हणजे कोरड्यातल्या पेरणीत पाऊस लागून खाचरं भरली की मग.

कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा असेंद्रिय (कार्बनशी न जोडलेल्या) आर्सेनिकाला आहे, पॉलिशच्या तांदळात किलोला 0.2 मिलिग्रॅम, बिनपॉलिशच्यात 0.35, कारण कोंड्यात ते जास्त साठतं. भरपूर पाण्यात शिजवून वेळलेल्या भातात बरंच कमी होतं, पाणी चांगलं असेल तर. पण आजऱ्याचा घनसाळ, हा सुवासिक तांदूळ, वेळून पेज ओतून द्यायला कोण तयार होईल?