टायटॅनिकवर लाइफबोटी नियमापेक्षा जास्तच होत्या

टायटॅनिकवर लाइफबोटी कमी होत्या, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. कायद्याने मागितल्या होत्या त्यापेक्षा त्या जास्तच होत्या, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचा १८९४ सालचा नियम उतारू मोजतच नसे, टन मोजत असे. (हा टन वजनाचा नव्हे, जहाजातली १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन.) कोष्टकाची सर्वांत वरची पायरी होती '१०,००० टन आणि त्याहून अधिक'. एवढ्या जहाजाला १६ होड्या डेव्हिटवर, म्हणजे होडी कठड्याबाहेर काढून खाली सोडणाऱ्या लोखंडी हातांवर, टांगल्या की झालं. तेव्हाची सर्वांत मोठी जहाजं जेमतेम १३,००० टनांची. १९१२ साली टायटॅनिक ४६,३२८ टनांची आली, तरी कोष्टक होतं तिथेच. होडीतली १० घनफूट जागा म्हणजे एक माणूस, या हिशेबाने ९६२ जणांची सोय पुरेशी ठरत होती. टायटॅनिकवर २० होड्या आणि ११७८ जागा होत्या. माणसं सुमारे २,२००!

हे कुणालाच खटकलं नाही, कारण लाइफबोट म्हणजे तरीची नाव अशीच समजूत होती. बुडतं जहाज तासन्‌तास तग धरणार, मदतीला दुसरं येणार, होड्या फेऱ्या मारणार. १९०९ मध्ये 'रिपब्लिक' जहाजाची टक्कर झाली तेव्हा अगदी असंच घडलं. बिनतारी संदेश गेला, 'बाल्टिक' धावून आलं आणि जवळजवळ सगळे वाचले. रिपब्लिक दुसऱ्या दिवशी बुडालं. टायटॅनिकला मिळाले दोन तास चाळीस मिनिटं, आणि त्यातही ४० जागांची एक होडी १२ जणांना घेऊन निघून गेली.

मग १९१४ च्या लंडन परिषदेत प्रत्येकाला जागा हवी असं ठरलं. पण जागा असणं वेगळं, होडी पाण्यावर पोहोचणं वेगळं. मे १९१५ मध्ये पाणतीराने फोडलेल्या लुसिटानियावर लहानमोठ्या ४८ होड्या होत्या. जहाज उजवीकडे कललं. त्या बाजूच्या होड्या कठड्यापासून इतक्या लांब लोंबकळल्या की पाय टाकायची भीती. डावीकडच्या उलट्या आत झुलल्या, आणि खाली सोडल्या त्या जहाजाच्या अंगावरच्या रिव्हेटांवर खरवडत गेल्या. १८ मिनिटांत जहाज गेलं. धड सुटल्या त्या फक्त सहा.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात अंशही मोजलेले आहेत: जहाज कोणत्याही बाजूला २० अंश कललं तरी होडी खाली सोडता आली पाहिजे.